पहिल्या ओळीचा मान

छापखान्यात रद्दी आणि किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. रद्दी न्यायला दिवाळीच्या आधी रद्दीवाला तरी येतो. किस्से न्यायला कोण येणार? ते आमच्यासारख्यांच्या डोक्यात धूळ खात पडतात, आणि चार मित्र जमले, चहा सांगितला, की एकेक बाहेर पडायला लागतात. त्यात आमच्या छापखान्यात तर एक अख्खा अमेरिकन कवी होता!

आमच्या म्हणजे अप्पांच्या. मी सहकारी बँकेत कारकून. संध्याकाळी बँक सुटली की महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या प्रेसमध्ये प्रुफं तपासायला जायचो. अप्पा मूळचे गडहिंग्लजचे लिंगायत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि छपाईचं ट्रेडल मशीन अडलं की दोन्ही भाषांत शिव्या. मशीनवर दत्तू असायचा. पत्रिकांचे गठ्ठे पोचवणं हे कामही त्याच्याकडेच. लग्नसराईत लग्नपत्रिका, बारा महिने उत्तरकार्याची कार्डं, मैदान ठरलं की कुस्त्यांची पोस्टरं, आणि मुहूर्त नसतील तेव्हा कवितासंग्रह, असा आमचा धंदा.

*

हा कवी, म्हणजे हार्लन, आला तो चुकून. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तो गोव्याला निघाला होता, बस कोल्हापुरात बंद पडली. वेळ घालवायला गल्लीबोळातून हिंडताना त्याला ट्रेडलचा खटाक-खट आवाज आला आणि हा साडेसहा फुटी, पांढऱ्या दाढीचा, अनवाणी माणूस सरळ आत शिरला. मशीनवर हात ठेवून उभाच राहिला. डोळ्यांत पाणी!

दत्तू म्हणाला, "अप्पा, पावण्याला चटका बसला वाटतं."

मी मध्ये पडून दुभाष्याचं काम केलं. निघालं ते असं की तरुणपणी तिकडे ह्याच्या बंडखोर कवींच्या टोळक्यानं अशाच एका मशीनवर स्वतःची पुस्तकं छापली होती. युद्धावर जायला नकार, लांब केस, मोर्चे, सगळे उद्योग झालेले. हार्लनच्या पहिल्या पुस्तकात त्यानं एका पुरुषावरचं आपलं प्रेम उघड लिहिलं, म्हणून पोलिसांनी छापा घालून सगळ्या प्रती उचलून नेल्या होत्या.

मी त्यातली प्रेमाची गोष्ट गाळून बाकीचं अप्पांना सांगितलं. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.

"समद्या प्रती? एका दिवसात?"

"हो."

"नशीबवान हाय की! आमच्या कवींच्या बघा, दहा-दहा वर्सं माळ्यावर पडल्यात. पोलीस बी नेत न्हाईत!"

हार्लन इतका हसला की त्याची गोव्याची बस सुटली. त्यानंतर दर हिवाळ्यात तो दोन-अडीच महिने कोल्हापुरातच मुक्कामाला येऊ लागला. गोवा त्यानं शेवटपर्यंत पाहिला नाही.

*

आता अप्पांचा नियम सांगतो, कारण हार्लनला अप्पांचा लळा लागला तो त्या नियमापायी.

उत्तरकार्याच्या कार्डावर खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं असतात. प्रत्येक नावापुढे नातं हवंच: मुलगा, सून, पुतण्या, जावई. नातं सांगितल्याशिवाय अप्पा नाव छापत नसत. फक्त पहिली ओळ वेगळी. तिथं एकच नाव, मोठ्या टायपात, एकटं. नवरा गेला असेल तर बायकोचं, बायको गेली असेल तर नवऱ्याचं. तिथं नातं लिहायची गरज नसते, बघणाऱ्याला कळतं.

एकदा एक पुढारी आले. त्यांचे काका वारले होते आणि निवडणूक तोंडावर होती. म्हणाले, "अप्पा, पहिल्या ओळीत मला घ्या. फोटोसकट!"

अप्पा खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "तितं तुमच्या काकी हायत."

"अहो, त्यांना कोण ओळखतंय?"

"काका वळकत हुते की!"

पुढाऱ्यांचा आवाज चढला. अप्पा शांतपणे म्हणाले, "असं करा. घरला जावा, काकीस्नी इचारा, सरकता का म्हणून. त्या सरकल्या तर मी छापतो."

पुढारी गेले ते दुसऱ्याच प्रेसमध्ये गेले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या हार्लनला मी भांडणाचं कारण समजावून सांगितलं. त्यानं एक फुकट गेलेली लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. त्याच्या सगळ्या कविता अशाच पाठकोऱ्या पत्रिकांवर असायच्या.

*

त्याचं मराठीही पत्रिकांवरूनच आलेलं. देवनागरी तो खिळे उलटे वाचून शिकला आणि वाक्यं कार्डांवरून पाठ केली. परिणाम असा की त्याला बोलता यायचं, पण फक्त छापील!

एके सकाळी तो लॉजच्या मॅनेजरसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आमचे येथे श्रीकृपेकरून पाणी नाही."

मॅनेजर धावत वर गेला. त्याला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी झालं.

रिक्षावाल्याला तो 'आपला नम्र' म्हणून निरोप द्यायचा. मिसळवाल्याला एकदा म्हणाला, "रस्सा सहकुटुंब सहपरिवार आणा." मिसळवाल्यानं बादली आणून ठेवली!

*

अप्पांच्या घरी अक्कांनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो, कारण मी घाबरलो होतो. अक्का कधी कुणाला काय विचारतील याचा नेम नसे. भाकरी वाढता वाढता त्यांनी विचारलंच, "बायको-पोरं कुटं असत्यात?"

मी भाषांतर करताना जरा गोलमाल करणार, एवढ्यात हार्लननंच उत्तर दिलं. "बायको नाही. टेड आहे."

"टेड कोन?"

हार्लननं पाकिटातून फोटो काढला. टक्कल पडलेला, जाड भिंगांचा, शाळामास्तरासारखा दिसणारा एक गृहस्थ, हातात कढई. तो खरोखरच शाळेत गणित शिकवायचा. विमानाची भीती, म्हणून इकडे कधी आला नाही. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

अक्कांनी फोटो लांब धरून पाहिला. "सैपाक ह्यो करतोय?"

"हो. रोज. मी भांडी."

"किती वर्सं झाली?"

"पंचवीस."

अक्कांनी फोटो परत दिला आणि अप्पांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलासा न्हवं? भांडी ह्यो घासतोय!"

अप्पांनी खाली मान घालून जेवण उरकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्येला परत बोलवायचं न्हाय. म्हंजे बोलवायचं, पर भांड्याचं काडायचं न्हाय."

*

पुढच्या हिवाळ्यात हार्लननं आपलं पुस्तक अप्पांच्या प्रेसवर छापायचं ठरवलं. अमेरिकेतले प्रकाशक त्याच्या मागे असताना! गावातल्या एका प्राध्यापकांना हे कळलं आणि ते तातडीनं अप्पांना भेटायला आले. दार लोटून घेऊन म्हणाले, "हा माणूस पुरुषांवरच्या प्रेमकविता लिहितो. तुमच्याकडे लोक लग्नपत्रिका छापायला येतात. विचार करा."

अप्पांनी विचार केला. दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "मला इंग्रजी येतंय?"

"नाही."

"मग जे कळत न्हाय ते छापायला माजं काय जातंय? तुमी फकस्त एक करायचं. मला अर्थ सांगायचा न्हाय. कवाच न्हाय!"

मी शब्द दिला. अप्पा एकेक खिळा बघून बघून जुळवू लागले, अक्षरांची चित्रं ओळखून. आमच्याकडे इंग्रजी टाइप म्हणजे लग्नपत्रिकेवर डिग्री छापण्यापुरता. बी.कॉम., एम.ए. एवढ्यावर भागायचं. पाच-सहा पानं झाली आणि अप्पा ओरडले, "टी संपल्या!"

मोठ्या टीचा खण रिकामा. छापून झालेली पानं मोडून टी परत खणात टाकल्या, पुढे गेलो, आठ ओळींत परत खडखडाट. अप्पांनी जुळवलेलं पान जवळ ओढलं आणि एका जागी बोट ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"ही तीन अक्षरं सारखी येत्यात. हितं हायत, हितं हायत, मागल्या पानावर बी हुती. काय हाय ह्ये?"

"अर्थ सांगायचा नाही ठरलंय."

"अर्थ न्हवं, नाव इचारतोय."

"टेड."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे त्यो कढईवाला?"

"हो."

अप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दत्तूला पुण्याला धाडलं, जादा टी आणायला.

*

पुस्तक निघालं तेव्हा एका कॉलेजनं हार्लनचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'कविता आणि बंडखोरी'. अध्यक्षांनीच पाऊण तास घेतला. मग एका मुलानं उठून विचारलं, "सर, बंडखोरी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

सगळ्यांना वाटलं, आता हा तुरुंगातले, मोर्चातले किस्से सांगणार. हार्लन म्हणाला, "सरकार नको म्हणत असताना एकाच माणसाबरोबर सव्वीस वर्षं राहायचं. रोज भांडी घासायची."

सभागृह चिडीचूप. मी भाषांतर केलं, तरीही चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, आमचा बाप लई मोठा बंडखोर हाय!"

अध्यक्ष लगबगीनं उठून म्हणाले, "आता चहापान."

*

दत्तूच्या वाटपाचा एक नमुना ऐका. हार्लननं एका पत्रिकेच्या पाठीवर कविता लिहिली. टेड सकाळी दाढी करतो, आरशावर वाफ धरते, आणि हा दारात उभा राहून बघतो, एवढीच कविता. लिहून झाल्यावर ती चुकून त्याच लग्नाच्या छापून तयार पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि दत्तूनं गठ्ठा बांधून उचगावला मुलीच्या बापाकडे पोचता केला.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील प्रेसमध्ये हजर. भरघोस मिशा, हातात ती पत्रिका. "ह्ये मागं इंग्रजीत काय लिवलंय?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. "आशीर्वाद आहे," मी म्हणालो.

"व्हय? मग एकावरच का? ही नेमकी व्याह्यांच्या घरात गेली, त्यांच्याकडनं मागून आणलीया. ते लई खूश झाल्यात. आता बाकीच्या पावण्यांनी काय पाप केलंय? समद्यांवर छापा!"

उरलेल्या तीनशे पत्रिकांच्या पाठीवर एका माणसाची दाढी छापली. लग्नात मी स्वतः एका इंग्रजीच्या मास्तरांना ती वाचताना पाहिलं. दोनदा वाचून ते म्हणाले, "फार आधुनिक आशीर्वाद आहे." आणि पत्रिका घडी करून खिशात ठेवली.

*

आणि आता हा शेवटचा.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका डिसेंबरात हार्लन पत्र न पाठवताच आला. निम्मा झालेला. आला तो मशीनजवळच्या स्टुलावर बसला आणि खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून अप्पांच्या टेबलावर ठेवलं.

मी वाचलं. टेड ऑक्टोबरात गेला होता. बातमी त्याच्या बहिणीनं दिली होती. मागे कोण कोण राहिलं त्याची यादी होती. बहीण, भाऊ, भाचे, भाच्या, अगदी शेवटी 'लाडका कुत्रा' आणि त्याचं नाव.

अप्पा म्हणाले, "ह्येंचं नाव कुटं हाय?"

"नाही."

"नीट बघा."

"बघितलं, अप्पा. नाही."

"कुत्र्याचं हाय आन् ह्येंचं न्हाय?"

हार्लनला एवढं मराठी कळत होतं. तो हसला. म्हणाला, कुत्रा खरंच लाडका होता. अंत्यविधीला चर्चमध्येही हार्लनला मागून चौथ्या रांगेत बसवलं होतं. दोन महिने झाले, आपल्याला अजून रडू आलेलं नाही, असंही तो हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं बोलला. मला मात्र त्या न पाहिलेल्या बहिणीचा भयंकर राग आला.

अप्पा लालबुंद झाले होते. त्यांनी कात्रणावर बोट आपटलं. "कुठल्या प्रेसनं छापलं ह्ये?"

मग उठले, हात धुतले आणि खिळ्यांच्या खणांपाशी गेले. मी म्हणालो, "अप्पा, तेरावा कधीच होऊन गेला."

"बातमी आपल्याला आज कळली न्हवं? आजपास्नं मोजा."

दुपारपर्यंत प्रूफ आलं. वर टेडचं नाव, कै. लावून. दिवस ठरवलेला. वेळ सकाळी दहा. स्थळ, अप्पांचा प्रेस. खाली 'शोकाकुल'. तिथं पहिली ओळ. मोठ्या टायपात, एकटं, एकच नाव: हार्लन.

त्याखाली बारीक टायपात आम्ही सगळे, प्रत्येकापुढे नातं: स्नेही.

प्रूफ तपासणं माझं काम. मी तपासलं आणि चूक नाही म्हणून सही केली.

अप्पा दोनशेच्या खाली मशीन चालवत नसत. वीस कार्डं आम्ही ओळखीत वाटली, लॉजच्या मॅनेजरला, मिसळवाल्याला. उरलेल्या एकशे ऐंशीचा गठ्ठा काउंटरच्या टोकाला राहिला. त्याच टोकाला गडहिंग्लजच्या ऑर्डरी ठेवायची आमची पद्धत. दत्तूनं नेहमीप्रमाणे सकाळच्या एसटीत गठ्ठा टाकला, आणि तिथल्या आमच्या माणसानं नेहमीप्रमाणे पेठेतल्या घरोघरी कार्डं वाटली.

कार्याच्या दिवशी प्रेस बंद ठेवला. टेडच्या फोटोला, त्या कढईवाल्याच, झेंडूचा हार घातला. अक्कांनी पिठलं-भाकरी आणली. आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर बसलो होतो आणि हार्लन एकटा उभा. येईल त्याला हसून पाणी देत होता, चहा विचारत होता. कार्य त्याचंच, पण हा मदतीला आलेल्या शेजाऱ्यासारखा वावरत होता. बघवत नव्हतं.

साडेअकराला दारात सात माणसं उभी राहिली. डोक्याला रुमाल, धोतरं, हातांत पिशव्या. गडहिंग्लजचे व्यापारी! सगळ्यात पुढे बसाप्पा नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ, हातात कार्ड.

अप्पांनी दत्तूकडे बघितलं. दत्तूनं स्वतःच्या पायांकडे.

अप्पा उठून हळूच म्हणाले, "बसाप्पाअण्णा, तुमी कसं काय?"

"कार्ड आलं न्हवं! कार्ड आल्यावर यायला पायजे की. ह्यो टेड कोन मिशनचा डाक्टर हुता काय? न्हाय, नाव वळखलं न्हाय. पर म्हटलं, आपल्यास्नी बोलवलंय म्हंजे कायतरी लागत असणार."

हार्लन पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "आपण अगत्य येण्याचे केले." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं कार्डातलं मराठी बरोबर जागेवर बसलं.

बसाप्पांनी त्याला खालीवर पाहिलं. कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग वर पाहिलं. "ह्ये पयल्या वळीतलं तुमीच न्हवं?"

हार्लननं मान हलवली.

बसाप्पांनी पिशवीतून, ज्याचं माणूस गेलं त्याला घालतात तो दुखवट्याचा कोरा टॉवेल आणि टोपी काढली. टॉवेल हार्लनच्या खांद्यावर टाकला. टोपी घालायला हात पुरेना, तर त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं, टोपी घातली आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले. बाकीचे सहा जण मागे ओळीनं बसले.

"संसार किती वर्सांचा झाला?"

संसार हा शब्द हार्लनला लग्नपत्रिकांमुळे पाठ होता. "पस्तीस," तो म्हणाला.

म्हातारबाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग रडा की, पावणं! आमी बसलोय न्हवं. माजी यष्टी दोनला हाय."